अडतीस मिनिटं

माझ्या वडिलांना मी कधी घाई करताना पाहिलं नव्हतं. बस डोळ्यांसमोरून निघून चालली तरी ते पळायचे नाहीत. "दुसरी येईल," म्हणायचे, आणि ती यायचीही. दूध उतू चाललंय म्हणून आई आतून ओरडली तर ते आधी चष्मा काढायचे, वर्तमानपत्राची घडी घालायचे आणि मग उठायचे. तोवर दूध ओट्यावरून खाली उतरलेलं असायचं. आई म्हणायची, "यांना यमानं जरी हाक मारली ना, तरी म्हणतील, थांब, चपला घालतो."

त्यांचा धंदाच तसा होता. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हे त्यातलं मोठं काम. आत कोणी रडत असायचं, कोणी दारावर लाथा घालत असायचं, कोणाला आपल्या मीटिंगची पडलेली असायची. बाबा बाहेरून विचारायचे, "किती जण आहात? लहान मूल आहे का कोणी?" आणि मग सांगायचे, "घाई करायची नाही. घाई केली की काम दोनदा करावं लागतं." त्यांनी बाहेर काढलेल्यांपैकी एकालाही कधी खरचटलंसुद्धा नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवायचे. प्रत्येक वेळेची नोंद वहीत असायची. फोन किती वाजता आला, पोचलो किती वाजता, माणसं बाहेर किती वाजता. रिटायर झाल्यावर लिफ्ट सुटल्या, वही सुटली नाही. नळाचा वायसर कधी बदलला, घड्याळाचा सेल किती दिवस चालला, सगळं तारीखवार त्यात उतरायचं.

आई अगदी उलट. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. "मी आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतला," म्हणायची. ती एका दमात चार गोष्टी सांगायची आणि बाबा त्यातल्या पहिलीचं उत्तर जेवण झाल्यावर द्यायचे. दोघांचं जमलं कसं, हे मला कधी कळलं नाही. पण जमलं होतं. चांगलंच जमलं होतं.

माझ्या धाकट्या भावाला परदेशात दोन वर्षांचं काम मिळालं. त्याची गाडी जेमतेम आठ महिन्यांची, त्याची पहिलीच. जायच्या आठवड्यात जेवताना, तोंडात घास असतानाच तो म्हणाला, "बाबा, गाडी नीट ठेवा हं. मी आलो की पहिल्या चावीला सुरू झाली पाहिजे." तो सहज बोलला. पण बाबांना सहज काही सांगायची सोयच नव्हती. त्यांनी जेवण संपवलं, हात धुतले, पुसले आणि वही काढली.

मी म्हटलं, "ठेवायची कशाला? मी वापरते की दोन वर्षं. मला चालवता येते."

"त्याची वस्तू आहे," बाबा म्हणाले. "जशी दिली तशी त्याला परत मिळायला हवी."

मला ते लागलं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, दोन बस बदलून ऑफिसला जाते, हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले की घरात सगळे घाबरतात. आईनं माझ्या पानात उगाचच आणखी एक पोळी वाढली.

तीन दिवस बाबा त्या गाडीपाशी होते. आमचं घर तळमजल्यावर, मागं पत्र्याची शेड. वरून गाडी सगळेच धुतात. बाबांनी ती खालून धुतली, फरशीवर पाठ टेकून, टॉर्च दातात धरून. सीटांच्या फटीत ब्रश घालून बिस्किटांचा चुरा काढला, कारण चुरा राहिला की उंदीर येतात आणि उंदीर आले की वायरी खातात. दुसऱ्या दिवशी इंजिनचं ऑइल बदललं आणि पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून आणली. आई म्हणाली, "अहो, गाडी उभी राहणार आणि टाकी फुल्ल? म्हणजे झोपायला जाताना डबा बांधून घ्यायचा." बाबांनी तिला शांतपणे समजावलं की रिकाम्या टाकीत हवा राहते, हवेत ओल असते आणि ओलीनं आतून गंज धरतो. ती म्हणाली, "तुमच्या स्वतःच्या लग्नाला एवढी तयारी केली असतीत तर मी जास्त आनंदानं उभी राहिले असते."

तिसऱ्या दिवशी जॅक लावून गाडी चार लोखंडी स्टँडवर चढवली आणि चारही चाकं काढली. टायरवर एकाच जागी वर्षभर वजन पडलं की तो तिथं बसतो, मग गाडी जन्मभर ठेचकाळत चालते, असं त्यांचं म्हणणं. चाकं माझ्या जुन्या खोलीत गेली, पलंगाखाली. माझं लग्न झाल्यावर त्या खोलीचा शेवटी काहीतरी उपयोग झाला. हँडब्रेक मोकळा सोडला, कारण ओढलेला राहिला तर आतल्या आत चिकटतो. बॅटरी काढून पॅसेजमध्ये लाकडी फळीवर ठेवली. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घातला. वायपर उचलून त्यांना भावाचे जोडी हरवलेले मोजे चढवले. आईनं जुन्या चादरी जोडून झाकण शिवलं. सोळा नट पुसून, तेल लावून एका गोल पत्र्याच्या डब्यात घातले. आणि शेवटी एक पुठ्ठा स्टिअरिंगला बांधला. त्यावर काय काय काढलंय ते, आणि ते परत कुठल्या क्रमानं लावायचं ते. बाबांचा नियम होता, क्रम मोडायचा नाही. एकही पायरी सोडायची नाही.

"हे सगळं परत लावायला किती वेळ लागेल?" आईनं विचारलं.

"अर्धा तास," बाबा म्हणाले. "फार तर चाळीस मिनिटं."

भाऊ गेला. पहिले दोन महिने तो फोनवर विचारायचा, "गाडी काय म्हणतेय?" पुढं त्यानं विचारणं सोडलं आणि बाबा आपण होऊन सांगायला लागले. या महिन्यात बॅटरी चार्ज केली. झाकण धुऊन वाळवलं. उंदीर नाही. तो तिकडून "वा, वा" म्हणायचा, आणि तो दुसरीकडेच बघतोय हे आम्हाला स्क्रीनवर दिसायचं. शेजारीपाजारी चेष्टा करायचे, यांच्याकडे गाडी आहे पण चाकं नाहीत. वर्ष झालं तेव्हा भावानं कळवलं की काम आणखी एक वर्ष वाढलंय. आई त्या दिवशी फार बोलली नाही. बाबा म्हणाले, "चालेल. गाडीला काही होत नाही."

चौदाव्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आई बाबांना म्हणाली, "अहो, छातीत जड जड वाटतंय. डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

पुढचं सगळं मला बाबांनी एकदाच सांगितलं, क्रमानं. मी ते तसंच सांगते.

बाबांनी विचारलं, "अॅम्ब्युलन्स बोलावू?"

आई म्हणाली, "नको बाई. उगाच चार लोक खिडकीत उभे राहतील. घरात गाडी आहे ना आपल्या? काढा की. बघू तरी तुमचा अर्धा तास."

ती चालत शेडपर्यंत गेली. स्वयंपाकघरातली खुर्ची तिनं स्वतः उचलून नेली आणि शेडच्या दारात मांडून बसली. नटांचा डबा मांडीवर घेतला, म्हणाली, "मी देते एकेक. तेवढाच तुमचा वेळ वाचेल."

कोपऱ्यावर टॅक्सी उभ्या असतात. शेजारच्या घरात स्कूटर होती. मला फोन केला असता तर मी ऑफिसातून कोणाचं तरी वाहन पळवून आणलं असतं. आईनं आयुष्यभर परक्या माणसांचे फोन जोडून दिले, रात्री-अपरात्री, आगीचे, अपघातांचे, आणि स्वतःसाठी एक फोन तिला सुचला नाही. मी हे सगळं इतक्या वेळा मनाशी बोलले आहे की आता ते मला पाठ आहे. पण त्या दोघांच्या लेखी प्रश्न कधीच सुटलेला होता. गाडी घरात होती. गाडी चांगली होती. आणि ती उतरवणारा माणूस काम कधी चुकवत नव्हता.

बाबांनी झाकण काढून त्याची घडी घातली. माझ्या खोलीतून एकेक चाक ढकलत आणलं, चार खेपा. पहिलं चाक बसवताना आई बोलत होती. धाकट्याला हे फोनवर सांगायचं, म्हणाली, तुझ्या बापानं मला दवाखान्यात न्यायला गाडीची जुळणी केली. दुसऱ्या चाकाला तिनं चार नट मोजून दिले. तिसऱ्या चाकाला बाबांनी हात मागं केला तेव्हा तिनं तीनच दिले. बाबा म्हणाले, "अगं, चार." तिनं चौथा दिला.

चौथ्या चाकाला बाबांचा हात तसाच मागं राहिला. वळून बघितलं तर डबा कलंडला होता, नट फरशीवर होते आणि आईचे डोळे मिटलेले होते. त्यांना वाटलं, डुलकी लागली. ती दुपारी खुर्चीतच झोपायची, तोंड किंचित उघडं ठेवून. तसंच होतं. त्यांनी नट वेचले. एक घरंगळत भिंतीशी गेला होता, तो शोधला. चारही बसवले, समोरासमोरचे आवळले. जॅक लावून एकेक स्टँड काढलं. सायलेन्सरमधला बोळा काढला. मग बॅटरी जोडली. मग ऑइलची पातळी बघितली.

इथं मी त्यांना थांबवलं होतं. "ऑइल, बाबा?"

"यादीत होतं," ते म्हणाले.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. अकरा अठ्ठेचाळीस झाले होते. मग ते आईला उठवायला गेले.

शेजाऱ्यांनी हात लावला, तिला मागच्या सीटवर आडवं केलं. हॉस्पिटल बारा मिनिटांवर. मी पोचले तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टर बाहेर आले, मी त्यांना विचारलं, विचारायला नको होतं ते विचारलं, आणि ते म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

मी तोंडाची फटकळ आहे. ते आईकडून आलंय. पण आईला कुठं थांबायचं ते कळायचं. मी त्या लांबलचक पॅसेजमध्ये बाबांसमोर उभी राहिले. त्यांच्या हाताला ग्रीस होतं, ते बाकावर लागू नये म्हणून त्यांनी हात हवेत धरले होते. आणि मी म्हटलं, "अर्धा तास, बाबा. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर आई असती." "काहीतरी करता आलं असतं" याचं "आई असती" मी माझ्या पदरचं केलं.  बाबांनी मान हलवली, वहीत लिहायची गोष्ट कोणी सांगितल्यावर हलवायचे तशी.

भाऊ तिसऱ्या दिवशी आला. मी त्याला त्याच गाडीतून आणलं. सीटवर हात फिरवत तो म्हणाला, "काय ठेवलीय बाबांनी. जशीच्या तशी." त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी गिअर बदलत राहिले. नऊ दिवस राहून तो परत निघाला, तेव्हा दारात म्हणाला, "बाबा, आता विकून टाका ही गाडी. मी काही एवढ्यात येत नाही."

"बघू," बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी मी गेले तर गाडी परत स्टँडवर. चाकं माझ्या पलंगाखाली. वायपरला मोजे.

मी तिथंच भांडले. "आता कोणासाठी? तो नको म्हणून गेला ना? ज्या गाडीपायी हे झालं ती परत तशीच चढवून ठेवलीत? तुम्हाला माणसापेक्षा यादी मोठी आहे, बाबा." बाबा ओट्याशी उभं राहून कप विसळत होते. एकच कप होता, तो ते फार वेळ विसळत राहिले. त्यानंतर पाच महिने मी दर रविवारी जायचे, भाजी, औषधं टेबलावर ठेवायचे, डबा फ्रीजमध्ये सरकवायचे आणि निघायचे. ते "बस" म्हणायचे. मी म्हणायचे, "बस चुकेल." त्यांच्या बोटांची सालपटं निघालेली दिसायची. एकदा अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. मी विचारलं नाही. आज त्याची मला लाज वाटते.

एका रविवारी बेसिनचा नळ गळत होता. बाबा आंघोळीला गेले होते. मी प्लंबरचा नंबर बघायला वही उघडली आणि मधल्या एका पानावर थांबले. पानाच्या डोक्यावर फक्त आठ हा आकडा होता, त्याभोवती गोल. खाली तारखा, प्रत्येक तारखेपुढं एक आकडा. अडतीस. छत्तीस. छत्तीस. चौतीस. मध्ये मध्ये बारीक अक्षरात शेरे. मागचं डावं चाक, नट घट्ट, जास्त तेल लावावं. चाकं दोन-दोन आणता येतात, कमरेला त्रास. बॅटरी आधी आणून ठेवू नये, तेव्हा ठेवलेली नव्हती. डबा खुर्चीवर. एका तारखेपुढं आकडा नव्हता, ताप असं लिहिलं होतं. शेवटचा आकडा एकवीस.

तारखा सगळ्या मंगळवारच्या होत्या.

आठ का, ते मला कळायला थोडा वेळ लागला. मग अडतीसातून तीस वजा केले आणि मी बेसिनपाशी खाली बसले. नळ गळत होता. आत बाबा बादलीत पाणी सोडत होते. मी वही होती तशी ठेवून दिली, प्लंबरला फोन केला आणि त्या दिवशी माझी बस खरोखरच चुकली.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. अकराच्या सुमारास मागच्या बाजूनं शेडपाशी गेले. दारात स्वयंपाकघरातली खुर्ची होती, खुर्चीवर नटांचा डबा. स्वयंपाकघरातलं घड्याळ खिळ्यावरून काढून शेडच्या खिडकीत टेकवलं होतं. बाबा हात बाजूला सोडून उभे होते, घड्याळाकडे बघत. अकरा दहा झाले आणि ते धावले.

बाबा धावले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, बससाठी कधी न पळालेला, घरात पळत गेला आणि दोन्ही हातांनी दोन चाकं ढकलत आला. दाराच्या उंबऱ्याला ठेच लागली, थांबले नाहीत. खुर्चीतल्या डब्यात हात घालून मूठभर नट उचलायचे, गुडघ्यावर पडायचे, नट फिरवायचे, पाना टाकायचे, उठायचे. तोंडानं श्वास घेत होते. पाना एकदा सटकला आणि बोटं फरशीवर आपटली, तर ती बोटं तशीच काखेत दाबून दुसऱ्या हातानं नट फिरवत राहिले. हे काम करणाऱ्या माणसाला मी ओळखत नव्हते. मला हाक मारायची होती, पण हाक मारली तर वेळ जाईल असं मलाही वाटलं, आणि मी भिंतीला धरून तशीच उभी राहिले.

त्यांनी ऑइल बघितलं नाही. ते गाडीत बसले, चावी फिरवली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मग मी दिसले.

"एकोणीस," ते म्हणाले. दम लागला होता. "पण आठ काही होत नाहीत, ताई. नवीन जॅक आणला तरी बारा-तेराच्या खाली हात जाणार नाहीत. मी हिशेब केलाय."

"बाबा, गाडी बंद करा. बाहेर या."

"बारा मिनिटांत झालं असतं का गं? तुला काय वाटतं?"

त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. हो म्हटलं तर त्यांचा दोष. नाही म्हटलं तर मंगळवारमागून मंगळवार त्यांनी गुडघे फोडले ते फुकट. मी म्हटलं, "डॉक्टर लोक असंच बोलतात. अर्धा तास म्हणजे घड्याळातला अर्धा तास नसतो. थोडं आधी, असं म्हणायचं असतं त्यांना."

"आकडा सांगितला ना त्यांनी? आकडा कोणी उगाच सांगत नाही."

तेव्हा मी ठरवलं आणि म्हटलं, "सांगितलाच नव्हता. डॉक्टर काही म्हणाले नव्हते, बाबा. मी रागात होते. मी माझ्या मनाचं बोलले."

बाबांनी गाडी बंद केली. माझ्याकडे बघितलं. मग हळू म्हणाले, "तुझी आई म्हणायची, आपल्या पोरीच्या जिभेला हाड नाही, पण खोटं बोलायला लागली की कानाची पाळी धरते." मी हात खाली घेतला. बाबा उतरले, जॅक ओढला आणि गाडी परत वर घ्यायला लागले.

मी काय करणार होते? पर्स खिडकीत ठेवली आणि स्टँड सरकवायला हात लावला. चाकं काढली, माझ्या खोलीत नेली, बॅटरी पॅसेजमध्ये ठेवली. बाबा मध्ये एकदाच बोलले. "चढवताना घाई नसते," म्हणाले. त्यांचा आवाज जुना होता, लिफ्टच्या दाराबाहेरचा. सगळं परत जागच्या जागी जायला तासभर लागला.

मग ते घड्याळासमोर उभे राहिले. मी खुर्चीवरचा डबा उचलला, खुर्चीत बसले आणि डबा मांडीवर घेतला.

"तिथं नको," बाबा म्हणाले.

"मी देते एकेक," मी म्हटलं. "तेवढाच तुमचा वेळ वाचेल."

ही आईचीच वाक्यं, हे तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. बाबांनी ऐकलं आणि चाक आणायला गेले. पळाले नाहीत. पहिल्या चाकाला त्यांनी हात मागं केला, मी चार नट मोजून ठेवले. तेलानं बोटं सुळसुळीत झाली. दुसऱ्या चाकाला चार. तिसऱ्या चाकाला मी दोनदा मोजले, चार. त्यांची मान, मानेवरचे पांढरे केस, घामानं चिकटलेला शर्ट, आई त्या दिवशी हेच बघत बसली होती. शेवटपर्यंत तिच्यासमोर हेच होतं. वाट बघत बसली होती असं मला आजवर वाटायचं. त्या खुर्चीत बसल्यावर वाटलं, नाही, ती नवऱ्याला काम करताना बघत बसली होती.

चौथ्या चाकाला त्यांनी हात मागं केला. मी नट मोजत होते. एक, दोन, तीन. तेवढ्यात हात हलला आणि बाबा वळले. मी डोळे उघडे ठेवून बसलेय का, ते त्यांनी बघितलं.

"आहे मी, बाबा," मी म्हटलं.

त्यांचा हात तसाच राहिला. मी त्यावर चार नट ठेवले. त्यांनी मूठ मिटली नाही, नट एकेक करून खाली पडले आणि शेडभर घरंगळत गेले, आणि बाबा चाकाला पाठ टेकून खाली बसले. हॉस्पिटलमध्ये ते रडले नव्हते, भावासमोर नाही, कोणासमोर नाही. आता रडायला लागले ते लहान मुलासारखे, आवाज करून, ग्रीसच्या हातांनी तोंड झाकून. "मी तिला उठवायला हवं होतं," म्हणत होते. "आधी नट वेचले गं मी. आधी नट वेचले." मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. आम्ही किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. घड्याळ खिडकीतच होतं, पण आम्ही दोघांनीही तिकडं बघितलं नाही.

चौथं चाक त्या दिवशी लागलं नाही. वहीत त्या तारखेपुढं आकडा नाही.